बीओटी आणि हॅम रस्त्यांचे वाद पत्रव्यवहारातून आधीच ओळखता येतील का?

कंत्राटकक्ष

राज्यातल्या १४ पीपीपी (सरकार-खासगी भागीदारीतल्या) रस्ते प्रकल्पांची कागदपत्रं एका जागी आणायचं काम सुरू आहे. त्यात ५ बीओटी टोल (कंपनी रस्ता बांधते आणि टोलमधून खर्च वसूल करते), बाकीचे हॅम (काही खर्च सरकार बांधकामात देतं, उरलेला नंतर हप्त्यांनी). साधारण ३८,००० पत्रं आहेत, बहुतेक स्कॅन केलेली. कन्सेशनेअर (प्रकल्प घेतलेली कंपनी), इंडिपेंडंट इंजिनिअर (देखरेख करणारा तटस्थ अभियंता) आणि प्राधिकरण (प्रकल्प देणारी सरकारी संस्था) या तिघांमधला सगळा पत्रव्यवहार त्यात येतो. शिवाय मासिक प्रगती अहवाल, हिंड्रन्स रजिस्टर (कामातल्या अडथळ्यांची नोंदवही), मुदतवाढीचे अर्ज, चेंज ऑफ स्कोपचे (कामाची व्याप्ती बदलण्याचे) आदेश, भूसंपादनाचे कागद आणि लवादाचे १७ निवाडे.

वरून सूचना अशी आहे की डेटा मायनिंग करून कोणता प्रकल्प लवादाकडे जाणार हे आधी सांगणारं मॉडेल तयार करा. निवाड्यांवरून शिकवायचं, चालू प्रकल्पांवर लावायचं, प्रत्येक प्रकल्पाला लाल-पिवळा-हिरवा रंग द्यायचा.

विचारायचं ते असं. १७ निवाड्यांवर मॉडेल उभं राहील का? नसेल तर भाकीत नेमकं कशाचं करायचं? भूसंपादनाचे कागद मराठीत आहेत, त्यातले जुने तर कुठल्या कुठल्या फॉन्टमधले, त्यांचं काय करायचं? आणि यातून निघालेली माहिती पुढे लवादापुढे वापरता येते का, की आपल्याच अंगावर येते?

चेनेज_शून्य

१७ निवाड्यांवर काहीही उभं राहणार नाही. संख्या कमी आहे हा त्यातला लहान अडथळा. निवाडा होतो तेव्हा मूळ घटनेला पाच-सात वर्षं उलटलेली असतात. मधल्या काळात काही दावे तडजोडीत मिटले, काही नुसत्या मुदतवाढीवर सुटले, काही कन्सेशनेअरनेच सोडले. उरलेले हट्टी तेवढेच निवाड्यापर्यंत पोचले. त्यांच्यावरून शिकलेलं मॉडेल तुम्हाला हट्टी दाव्यांचं वर्णन करून दाखवेल. वाद कुठे उगवतो ते त्याला कळणार नाही.

शिवाय निवाड्याचं आणि पैशाचं लेबल (ज्यावरून मॉडेलला शिकवायचं ते उत्तर) धोरणाने हललेलं आहे. २०१६ मध्ये केंद्राने ठरवलं की निवाड्याला आव्हान दिलं असलं तरी ७५ टक्के रक्कम बँक गॅरंटीवर द्यायची. म्हणजे त्यानंतर पैसे दिल्याची तारीख आणि वाद संपल्याची तारीख यांचा संबंध तुटला. २०२३ च्या विवाद से विश्वास-२ योजनेत निवाड्याच्या रकमेच्या ६५ टक्क्यांपर्यंत तडजोडीचा प्रस्ताव होता. त्यात मिटलेल्या प्रकरणावरून दाव्यात दम होता की नव्हता हे ठरत नाही. तुमच्या प्रकल्पांना यातलं काय लागू होतं ते तपासा, पण केंद्राच्या रस्त्यांचा डेटा शेजारी ठेवून तुलना करणार असाल तर हे रकाने वेगळे हवेतच.

त्यामुळे प्रकल्प हे एकक सोडा, अडथळा हे एकक धरा. १४ प्रकल्पांत अडथळे हजाराच्या घरात निघतील, आणि प्रश्न असा होईल: नोंद झालेला हा अडथळा पुढच्या १८० दिवसांत पैशाच्या दाव्यात बदलेल का? हे मोजता येतं आणि त्यावर कुणीतरी काही करू शकतं. एनएचएआयने (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने) २०२० मध्ये डेटा लेक ही प्रकल्पांची ऑनलाइन नोंदप्रणाली सुरू केली तेव्हाही वादांची सर्रास दिसणारी कारणं म्हणून हेच सांगितलं होतं: मोकळी जागा उशिरा मिळणं, युटिलिटी (वीज-पाण्याच्या वाहिन्या) न हलणं, यंत्रं आणि माणसं बसून राहणं, निर्णय लांबणं. कारणं सगळ्यांना पाठ आहेत. कोणत्या चेनेजवरचं (रस्त्याच्या सुरुवातीपासून किती अंतरावरचं) कोणतं कारण आत्ता पिकायला आलंय, ते मात्र कुणी सांगत नाही.

आता टेबल. प्रत्येक ओळ म्हणजे एका अडथळ्याबद्दलची एक हालचाल. रकाने: अडथळ्याचा क्रमांक, पत्र क्रमांक, पत्रावरची तारीख, आवक शिक्क्याची तारीख, कोणाकडून, कोणाला, चेनेज पासून, चेनेज पर्यंत, डावी-उजवी बाजू, कारणाचा कोड, कराराचं कलम, कोणत्या पत्राचं उत्तर, मागितलेले दिवस, मागितलेली रक्कम, पान क्रमांक. एका पत्रात पाच अडथळे असतील तर पाच ओळी. कारणांचे कोड १२ ते १५ पुरेत: भूसंपादन, अतिक्रमण, वीजवाहिनी, पाणीपुरवठ्याची पाइप, झाडं, वनजमीन, रेल्वेपुलाच्या जीएडीची (मांडणीच्या आराखड्याची) मंजुरी, गौण खनिज, ड्रॉइंग मंजुरी, चेंज ऑफ स्कोप, स्थानिक विरोध, पाऊस, देयक. ४० कोड केलेत तर दोन माणसं एकाच पत्राला दोन वेगळे कोड देतील. सुरुवातीला ४०० पत्रं दोघांनी स्वतंत्रपणे कोड करा आणि जुळणी कोहेन कप्पाने मोजा (योगायोगाची जुळणी वजा करणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी). ०.७ च्या खाली आली तर कोडांच्या व्याख्या सुधारा, मगच पुढे जा.

३८,००० पत्रं सरळ भरायला घेऊ नका. पत्रामागे ४ मिनिटं धरली तरी अडीच हजार तास होतात. आधी तिन्ही कार्यालयांची आवक-जावक रजिस्टरं भरा, त्यातून पत्रांच्या साखळ्या तयार होतात. मग ज्या साखळीत तीन किंवा जास्त पत्रं आहेत तीच पूर्ण वाचा. भाषा मॉडेलकडून रकाने भरून घेणार असाल तर प्रत्येक मूल्यासोबत पान क्रमांक आणि मूळ वाक्य घ्या, २०० ओळी हाताने पडताळा, आणि ही पत्रं कार्यालयाबाहेरच्या सार्वजनिक सेवेवर चढवू नका.

तीन ठिकाणी हमखास पाय घसरतो.

पहिलं, चेनेज. '12+350', '12/350', 'किमी १२.३५०' हे तीनही एकच. पण १२.३५ आणि १२.०३५ यांत ३१५ मीटरचा फरक आहे, आणि टंकलेखनात शून्य गळतं. त्याहून वाईट म्हणजे बायपास किंवा वळण सुधारल्यावर डिझाइन चेनेज आणि जुनं चेनेज वेगळं होतं. भूसंपादनाचे कागद जुन्या चेनेजवर, इंजिनिअरची पत्रं नव्या. रूपांतराचा तक्ता आधी करा, नाहीतर एकच अडथळा दोन वेळा मोजला जाईल.

दुसरं, तारखा. एक्सेल ०५/०६/२०१९ ला कधी ५ जून समजतं, कधी ६ मे. महिना १२ पर्यंतच असल्यामुळे १३ तारखेपासूनच्या नोंदी बरोबर दिसतात आणि चूक लपते. तारीख मजकूर म्हणून घ्या आणि स्वतः तोडा.

तिसरं आणि सगळ्यात महाग, दिवसांची बेरीज. एक वीजवाहिनी १ मार्च ते ३० एप्रिल अडली: ६१ दिवस. त्याच तुकड्यात जमिनीचा ताबा १ एप्रिल ते ३१ मे नव्हता: ६१ दिवस. रजिस्टरात १२२ दिवस दिसतात. प्रत्यक्षात कॅलेंडरवर ९२ च दिवस गेले. प्रत्येक चेनेजसाठी कालखंडांचा संयोग घ्यायचा, बेरीज नाही. आणि तेही क्रिटिकल पाथवर (ज्या कामांच्या उशिराने अख्खा प्रकल्प लांबतो त्या साखळीवर) असतील तरच मुदतवाढीत धरायचे. कन्सेशनेअरचा अर्ज बेरजेवर उभा असतो, प्राधिकरणाचं उत्तर क्रिटिकल पाथवर, आणि मधला संयोगाचा आकडा कुणीच काढलेला नसतो. तो आकडा वेळेवर टेबलावर ठेवला तर मुदतवाढीची अर्धी भांडणं तिथेच बसतात, असं माझं ठाम मत आहे.

अजून एक फीचर, म्हणजे मॉडेलला द्यायचा रकाना. नमुना करारात अपॉइंटेड डेटला (करारातली काम सुरू धरायची तारीख) किमान ८० टक्के जागा द्यायची अट असते. ८० टक्के हा आकडा फार काही लपवतो. समजा ४० किमीच्या रस्त्यात ८ किमी अडलेले आहेत. ते सलग ८ किमी असतील तर उरलेलं काम सुखाने चालतं. तेच ८ किमी २५० मीटरच्या ३२ तुकड्यांत विखुरले असतील तर पेव्हर (रस्त्याचा थर अंथरणारं यंत्र) दर अर्ध्या दिवसाने उचलून न्यावा लागतो. म्हणून टक्केवारीबरोबर सगळ्यात लांब सलग मोकळा पट्टा आणि तुकड्यांची संख्या हे दोन रकाने ठेवा. दाव्याशी त्यांचं नातं टक्केवारीपेक्षा जवळचं असतं.

अक्षरजुळणी

मराठी कागदांबद्दल. जुन्या पीडीएफ दोन प्रकारच्या असतात आणि दोघींचा इलाज वेगळा. एक निव्वळ स्कॅन. ३०० डीपीआय, करडा रंग, पान सरळ करून घेतलेलं, मग टेसरॅक्ट या ओसीआरचं (चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रॅमचं) मराठी मॉडेल. पत्रात इंग्रजी मिसळलेलं असतं म्हणून मराठी आणि इंग्रजी दोन्ही मॉडेलं एकत्र लावा.

दुसरी फसवी. कृतिदेव, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टाइप करून थेट पीडीएफ केलेली. डोळ्याला स्वच्छ मराठी दिसते, टेक्स्ट काढला की इंग्रजी अक्षरांचा काला हाती येतो. प्रोग्रॅमला मजकूर मिळाला असं वाटतं, त्यामुळे तो ओसीआरकडे जातच नाही आणि फाइल गुपचूप निरुपयोगी होते. तपासणी सोपी: पीडीएफमधल्या फॉन्टचं नाव वाचा, किंवा काढलेल्या मजकुरात देवनागरी अक्षरांचं प्रमाण मोजा. फॉन्ट ओळखीचा असेल तर कन्व्हर्टर, नसेल तर पानाचं चित्र करून ओसीआर.

मग युनिकोडचा सारखेपणा. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधाला दोन वेगळे शब्द. 'दुसऱ्या', 'अधिकाऱ्यांनी', 'भरपाई घेणाऱ्या' सगळीकडे हेच. ओसीआरनंतर पहिलं काम म्हणजे सगळं एका रूपात आणणं. अंकही तसेच: ११२ आणि 112 एक करा. ओसीआर १ आणि ९ यांची गल्लत करतं, म्हणून गट क्रमांक गावाच्या सातबाऱ्यांच्या यादीशी ताडून बघा. यादीत नसलेला गट क्रमांक निघाला तर तो माणसाकडे पाठवा.

क्षेत्रफळ सांभाळा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, राजपत्रात चौरस मीटर किंवा हेक्टर, गावकऱ्यांच्या अर्जात गुंठे. १ आर म्हणजे १०० चौमी, १ गुंठा म्हणजे १०१.१७ चौमी. हा फरक लहान आहे. मोठी गफलत पोटखराब्यात (लागवडीला अयोग्य जमिनीत) होते: एका कागदात तो धरलेला, दुसऱ्यात वगळलेला, आणि संयुक्त मोजणीत तिसराच आकडा. तीनही आकडे तीन रकान्यांत ठेवा, कोणताही खोडू नका. तिन्हींत पाच टक्क्यांहून जास्त तफावत असलेले गट वेगळे काढले की मोबदल्यावरून अडणारे गट तिथेच सापडायला लागतात.

राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या भूसंपादनाला ठरलेल्या पायऱ्या आहेत, त्यामुळे तिथे प्रोसेस मायनिंग (नोंदींच्या तारखांवरून कोण कोणत्या पायरीवर अडलंय ते शोधणं) छान बसतं. कलम ३ए ची संपादनाच्या इराद्याची अधिसूचना, ३सी खाली २१ दिवसांत हरकती, ३ए पासून वर्षाच्या आत ३डी ची संपादनाची घोषणा, नाहीतर अधिसूचना व्यपगत. पुढे ३जी खाली मोबदल्याचा निवाडा, ३एच खाली रक्कम जमा, ३ई खाली ६० दिवसांची नोटीस आणि ताबा. गट क्रमांक ही केस, पायरी ही कृती, राजपत्राची तारीख हा टाइमस्टॅम्प. पायथॉनमधली पीएम४पाय लायब्ररी पुरते. ३ए ला दहा महिने होऊनही ३डी नसलेले गट हा एकच अहवाल दर सोमवारी निघाला तरी सगळी खटपट वसूल. राज्याच्या रस्त्यांना दुसरा कायदा लागू असेल तर पायऱ्या त्या कायद्याच्या घ्या, पद्धत तीच.

कलम_चव्वेचाळीस

कायद्याच्या बाजूने चार गोष्टी, कारण चांगला डेटा चुकीच्या हातात आपल्याच विरुद्ध जातो.

कलमाचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. एनएचएआयच्या बीओटी टोल नमुना करारात उरलेली जागा वेळेत दिली नाही तर अपॉइंटेड डेटनंतरच्या ९१व्या दिवसापासून दर १,००० चौमीला दिवसाला ५० रुपये असं नुकसान ठरवून दिलेलं आहे. हिशेब करा: ४५,००० चौमी १२० दिवस उशिरा दिली, तर ४५ गुणिले ५० गुणिले १२०, म्हणजे २ लाख ७० हजार. त्याच उशिरात कर्जाचं व्याज आणि बसलेली यंत्रं मिळून कन्सेशनेअरचा आकडा कोटींत जातो. म्हणून दावा त्या कलमाखाली न येता त्याच कराराच्या कलम ३५ खाली, करारभंगाची भरपाई म्हणून येतो. आणि कलम ३५ च सांगतं की ज्या भंगासाठी नुकसान आधीच ठरवलेलं आहे त्याला हे कलम लागू नाही. लवादात पहिले सहा महिने याच मुद्द्यावर जातात. तुमच्या टेबलात कारण एकच असतानाही पत्रागणिक कलम बदलत गेलेलं दिसलं, तर दाव्याची तयारी सुरू झाली असं समजा. पत्रातल्या कडक शब्दांपेक्षा ही खूण भरवशाची.

नोटिशीच्या मुदती मशीनने मोजाव्यात. त्याच नमुना करारात फोर्स मेजरची (आवाक्याबाहेरच्या घटनेची) नोटीस घटना कळल्यापासून ७ दिवसांत द्यायची आहे. 'कळल्यापासून' म्हणजे आवक शिक्का लागतो, पत्राची तारीख नाही. तुमच्या प्रत्येक करारातल्या मुदती वेगळ्या तक्त्यात ठेवा. हॅमचा करार आणि बीओटीचा करार एकच धरू नका.

सुधारण्याची मुदत, म्हणजे क्युअर पिरियड, हा तर स्वतंत्र टेबलाचा विषय. दिल्ली एअरपोर्ट मेट्रो लाइनचं प्रकरण बघा. ऑगस्ट २००८ चा करार. दोष दाखवणारी नोटीस ९ जुलै २०१२ ची, मुदत ९० दिवसांची, करार संपवल्याची नोटीस ८ ऑक्टोबर २०१२ ची. मे २०१७ मध्ये निवाडा कन्सेशनेअरच्या बाजूने, सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो कायम, आणि १० एप्रिल २०२४ ला क्युरेटिव्ह याचिकेत (फेरविचारानंतरच्या शेवटच्या याचिकेत) त्याच न्यायालयाने तो रद्द केला. त्या ९० दिवसांत दोष दूर झाले का, दूर करण्यासाठी परिणामकारक पावलं पडली का, आणि मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या मंजुरीचं वजन किती, यावर सगळा भार होता. दोषांची यादी आली त्या दिवशीच प्रत्येक दोष एक ओळ करा आणि दर आठवड्याला समोर स्थिती, फोटो, चाचणीचा अहवाल लावत जा. ९१व्या दिवशी ही यादी नव्याने बनवता येत नाही.

पुराव्याचं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा) द्यायचं असतं. लवाद पुराव्याच्या कायद्याने बांधलेला नाही, पण पुढे न्यायालयात जायचं असेल तर आधीच केलेलं बरं. मूळ स्कॅनचा एसएचए-२५६ हॅश स्कॅन झाला त्या दिवशी घ्या आणि मूळ फाइल पुन्हा उघडून साठवू नका. मॉडेलचा गुण कधीही पुरावा म्हणून पुढे करू नका. पुढे करायची ती मॉडेलने शोधून दिलेली पत्रं.

आणि हे कळकळीने सांगतो: सलोख्याच्या बैठकांतली कागदपत्रं या डेटात मिसळू नका. लवाद कायद्याच्या कलम ७५ ने ती कार्यवाही गोपनीय आहे, कलम ८१ ने तिथल्या सूचना आणि कबुल्या पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. वकिलांचे अभिप्रायही बाहेर. या दोन फायली एकदा इंडेक्समध्ये शिरल्या की कोणत्या अहवालात त्यांचं वाक्य उमटेल सांगता येत नाही.

कंत्राटकक्ष

सगळ्यांनी इतकं नेमकं सांगितलंत, फार उपयोग झाला. तीन प्रकल्पांचं टेबल वरच्या पद्धतीने केलं. १२० अडथळे, त्यातले ४० दाव्यात गेले. अप्रायोरी (कशासोबत काय येतं याचे नियम शोधणारी पद्धत) चालवलं तर 'विदाउट प्रेज्युडिस (हक्क राखून) असलेलं पत्र' यावरून 'दावा' असा नियम ०.९ कॉन्फिडन्सचा आला, म्हणजे अशा दहातले नऊ दाव्यात. डिसिजन ट्री हे मॉडेलसुद्धा ९४ टक्के अचूक दाखवतोय. इतकं सोपं असेल असं वाटत नाही. कुठे चुकतंय?

पूर्वलक्षण

दोन्हीकडे एकच चूक आहे: दावा झाल्यानंतरची माहिती दावा ओळखायला वापरली गेली आहे. 'विदाउट प्रेज्युडिस' असलेली पत्रं कोणत्या तारखेची आहेत बघा. बरीचशी दाव्याच्या नोटिशीनंतरची किंवा त्याच आठवड्यातली निघतील. प्रत्येक अडथळ्याला एक निरीक्षण दिवस ठरवा, समजा नोंदीपासून ६० वा दिवस. फीचर्स फक्त त्या दिवसापर्यंतच्या पत्रांतून, लेबल त्यानंतरच्या १८० दिवसांतून. ६० दिवसांच्या आतच दावा झाला असेल तर तो अडथळा या मॉडेलमधून वगळा. नोंदीला २४० दिवस भरलेले नाहीत ते अडथळेही शिकवणीत घेऊ नका. पत्रांची एकूण संख्या, शेवटच्या पत्राची तारीख, कायदा विभागाला प्रत गेली का, हे रकाने शेवटच्या अवस्थेवरून भरलेले असतात, म्हणून तेही ६० व्या दिवशीचे करून घ्या. ९४ चे ७५ झाले तर घाबरू नका, तो खरा आकडा.

काही कंपन्यांत तर 'विदाउट प्रेज्युडिस' प्रत्येक पत्राच्या साच्यातच असतं. तिथे त्या शब्दाला शून्य किंमत. साखळीत तो पहिल्यांदा कधी आला, एवढंच बघायचं, आणि तेही साच्यातला मजकूर काढून टाकल्यावर.

अप्रायोरीत कॉन्फिडन्सच्या आधी लिफ्ट बघा. तुमच्याच आकड्यांवर समजा ३० अडथळे वीजवाहिनीचे, त्यातले २० दाव्यात गेले. सपोर्ट १२० पैकी २०, म्हणजे १६.७ टक्के. कॉन्फिडन्स ३० पैकी २०, म्हणजे ६७ टक्के. पण मुळातच १२० पैकी ४०, म्हणजे ३३ टक्के दाव्यात जातात. लिफ्ट म्हणजे ६७ भागिले ३३, २. हा नियम कामाचा. दावे मुळातच बहुतेक ठिकाणी होत असतील तिथला, लिफ्ट १.१ असलेला ९० टक्के कॉन्फिडन्सचा नियम बिनकामाचा. आणि तिन्ही प्रकल्प एकाच जिल्ह्यातले, एकाच वीज विभागाखालचे असतील तर तुम्ही त्या विभागाचा वेग मोजलाय, वादाचं कारण नाही.

चाचणीसाठी ओळी सरमिसळ करून ८०-२० तोडू नका. एकाच प्रकल्पाचे अडथळे दोन्हीकडे गेले की मॉडेल प्रकल्प ओळखायला शिकतं. एक अख्खा प्रकल्प बाहेर ठेवायचा, बाकीच्यांवर शिकवायचं, असं आळीपाळीने सगळ्यांसाठी. १४ प्रकल्पांत न्यूरल नेटवर्कच्या वाटेला जाऊ नका. टीएफ-आयडीएफवर (पत्रातल्या शब्दांना वजन देणारी पद्धत) लॉजिस्टिक रिग्रेशन हे साधं मॉडेल आणि सोबत दहा-बारा आकडी रकाने, एवढ्यावर गुणांक वाचता येतात. उपअभियंत्याला 'हा अडथळा वर का आला' हे सांगता आलं पाहिजे, त्याशिवाय तो यादी उघडणारच नाही.

अचूकता हा निकषच बदला. सगळे प्रकल्प भरल्यावर शंभरातले आठच अडथळे दाव्यात जाणारे निघाले, तर 'कधीच दावा होणार नाही' म्हणणारा प्रोग्रॅमही ९२ टक्के अचूक. कक्षाला आठवड्याला किती प्रकरणं नीट वाचता येतात? १० असतील तर वरच्या १० पैकी किती खरी निघाली, एवढाच आकडा ठेवा.

अडथळा किती दिवसांत सुटतो याची सरासरी काढताना सुटलेल्यांचीच काढली जाते. ५० पैकी ३० सुटले, सरासरी ९५ दिवस, असं अहवालात जातं. उरलेले २० दोनशे दिवसांहून जास्त काळ उघडे आहेत हे त्यात कुठेच नाही. कापलान-मायर वक्र काढा, तो उघडी प्रकरणंही धरतो. लाइफलाइन्स लायब्ररीत चार ओळींचं काम. कारणाच्या कोडनुसार वक्र वेगळे काढलेत की कोणता अडथळा कितव्या दिवसापासून वरच्या अधिकाऱ्याकडे न्यायचा ती मुदत थेट वाचता येते.

टोलनाका_पूर्व

वर सगळं बांधकामाच्या काळाचं झालं. बीओटीत १५-२० वर्षं टोलची असतात, आणि तिथले वाद वेगळ्या पद्धतीने उगवतात. त्यासाठी एक बाह्य घटनांचा तक्ता लागतो, नाहीतर मॉडेल सगळ्या प्रकल्पांत एकाच महिन्यात 'बिघाड' शोधेल. नोटबंदीत ९ नोव्हेंबर ते २ डिसेंबर २०१६ राष्ट्रीय महामार्गांवर टोल बंद होता. करोनात २६ मार्च ते १९ एप्रिल २०२० पुन्हा बंद. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून फास्टॅग सक्तीचा, त्यामुळे आधीची आणि नंतरची वाहनसंख्या एका मालिकेत जोडता येत नाही. महाराष्ट्रात १ जून २०१५ पासून १२ नाके बंद आणि ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांना व एसटीला सूट, ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना सूट. यातल्या प्रत्येक तारखेला भरपाईचा प्रश्न जोडलेला आहे, आणि तो प्रकल्पाच्या कारभारातून आलेला नाही.

वाहनसंख्येची तुलना वर्गवार करा. एकूण संख्या स्थिर आणि तीनपेक्षा जास्त आसांची वाहनं घटली तर उत्पन्न पडतं, कारण त्यांचा दर कारच्या कितीतरी पट. शेजारचा रस्ता सुधारला की आधी अवजड वाहतूक वळते. म्हणून वर्गवार मासिक मालिका, एसक्रो खात्यातली (टोलची रक्कम जमा होणारं राखीव खातं) जमा आणि एटीएमएसची (महामार्गावरच्या वाहतूक यंत्रणेची) मोजणी, तिन्ही एका तक्त्यात. एटीएमएस आणि जमा यांतली तफावत सलग तीन महिने वाढत गेली, तर करारातल्या ट्रॅफिक सॅम्पलिंगच्या कलमाखाली लगेच मोजणी करून घ्या. दोन वर्षांनी केलेली मोजणी मागच्या काळाबद्दल काहीच सिद्ध करत नाही.

डॉ. विजय केळकर समितीने नोव्हेंबर २०१५ च्या अहवालात पीपीपी करारांच्या फेरवाटाघाटीची आणि वादांसाठी वेगळ्या न्यायाधिकरणाची बाजू मांडली होती. फेरवाटाघाटीला बसायचं तर दोन्ही बाजूंना मान्य असलेली घटनांची नोंद लागते. म्हणून माझा आग्रह आहे की पहिलं टेबल, म्हणजे अडथळा, तारीख, चेनेज, कोणाकडे अडलंय एवढं, कन्सेशनेअरलाही दिसू द्या. दर महिन्याला इंडिपेंडंट इंजिनिअरसमोर दोघांनी त्यावर सही करायची. मॉडेलचे गुण आणि यादी मात्र कक्षातच राहू द्या.

कंत्राटकक्ष

इंडिपेंडंट इंजिनिअरच्या बैठकीत एखाद्या ओळीवर एकमत झालं नाही तर ती ओळ काढायची की ठेवायची?

पूर्वलक्षण

ठेवायची. दोन तारखा, दोन रकान्यांत, समोर दोन्ही बाजूंच्या पत्रांचे क्रमांक. 'ताबा दिला: प्राधिकरणाच्या मते १२ तारीख, कन्सेशनेअरच्या मते २७, कारण विहिरीचा मोबदला बाकी' अशी. या मतभेदाच्या ओळींना वेगळी खूण करा आणि मॉडेलला फीचर म्हणून द्या. पुढच्या बैठकीत अजेंडा त्याच ओळींपासून सुरू करायचा, आणि विहिरीच्या मोबदल्याचा निवाडा, पंचनामा, रक्कम जमा झाल्याची पावती हे तीन कागद घेऊनच बसायचं.